एक गहू पुढे, एक तांदूळ मागे

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेल्या पोराला जगबुडीची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. संध्याकाळी आजीचा हात धरून रंकाळ्यावर गेलं की ती आपोआप कानावर पडते. काठावरचा तो भला मोठा नंदी रोज एक गहू पुढे सरकतो आणि एक तांदूळ मागे येतो. असा सरकत सरकत ज्या दिवशी तो पाण्यात पोहोचेल, त्या दिवशी जगाचा शेवट. आम्ही पोरं मग नंदी आणि पाणी यांच्यातलं अंतर डोळ्यांनी मोजायचो. कालच्यापेक्षा कमी झालं काय? आजी ओरडायची, "मोजत काय बसलायसा? दिवं लागायची येळ झाली, घरला चला."

जगाचा शेवट कधी, आणि तो येणार असेल तर आज आपण कसं वागायचं, हे दोन प्रश्न माणसाइतकेच जुने आहेत. ख्रिस्ती धर्मात ते श्रद्धेच्या अगदी मध्यावर बसलेले आहेत. कोल्हापुरात ख्रिस्ती मंडळी पावणेदोनशे वर्षांच्या आसपास नांदते आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार ती 'आगमनकाळ' म्हणून पाळते. या काळात बेथलेहेमात झालेल्या जन्माची आठवण असते आणि त्याच जोडीला प्रभू पुन्हा येणार आहे याची तयारीही असते. एक आगमन होऊन गेलेलं, दुसरं व्हायचं, आणि मधल्या काळात जगणारी माणसं. या मधल्या काळात कसं जगावं याचं शिक्षण समजून घेण्यासारखं आहे, कारण जगबुडीच्या बातम्या आज प्रत्येकाच्या मोबाइलवर रोज येऊन पडतात.

तारखेचा प्रश्नच नाही

ख्रिस्ती विश्वास थोडक्यात असा: येशू मरणातून उठला, तो एक दिवस परत येईल, मेलेले उठवले जातील, साऱ्या जगाचा न्याय होईल आणि देव आकाश व पृथ्वी नवी करील. म्हणजे ही शेवटाची गोष्ट असली तरी तिची अखेर राखेत होत नाही. एका नव्या आरंभापाशी ती थांबते.

या विषयावरचं येशूचं सर्वांत विस्तृत बोलणं मत्तयाच्या शुभवर्तमानात २४ आणि २५ या अध्यायांत आहे. यरुशलेमचं भव्य मंदिर पाहून शिष्य भारावलेले असतात. येशू सांगतो की इथे दगडावर दगड उरणार नाही. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर खरोखरच उद्ध्वस्त केलं. शिष्य विचारतात, हे कधी होईल, खूण काय? उत्तरात लढाया, दुष्काळ, भूकंप यांचा उल्लेख येतो, पण सोबत दोन गोष्टी बजावल्या जातात. घाबरून जाऊ नका, कारण ही तर प्रसूतीच्या कळांची नुसती सुरुवात आहे. आणि तो दिवस, ती घटका कुणालाही ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही.

पुढच्याच अध्यायात तीन गोष्टी येतात. पहिलीत दहा मुली नवरदेवाची वाट पाहत दिवे घेऊन बसल्या आहेत. पाचजणींनी जादा तेल आणलंय, पाचजणींनी नाही. नवरदेवाला उशीर होतो, सगळ्यांनाच डुलकी लागते. मध्यरात्री हाक येते तेव्हा तेल उसनं मिळत नाही. दुसरीत धनी परगावी जाताना चाकरांच्या हाती रक्कम सोपवतो. ती कामाला लावणाऱ्यांचं कौतुक होतं, भीतीने जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला बोल लागतो. तिसरी गोष्ट प्रत्यक्ष न्यायाची. तिथे विचारणा होते ती भुकेल्याला खायला दिलंस का, तहानलेल्याला पाणी दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का, उघड्याला वस्त्र दिलंस का, आजाऱ्याकडे आणि तुरुंगातल्याकडे गेलास का, याची. तारीख कुणी बरोबर ओळखली होती, असा प्रश्न त्या परीक्षेत येतच नाही.

उसन्या न मिळणाऱ्या तेलाचा अर्थ पेठेतल्या माणसाला तालमीच्या भाषेत चटकन कळतो. पहाटे उठून तांबड्या मातीत घाम गाळणाऱ्या पैलवानाला त्याची मोठी कुस्ती कधी जोडली जाईल हे माहीत नसतं. वस्ताद तारीख सांगत नाही, जोर-बैठका मात्र चुकू देत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरायची वेळ येते त्या दिवशी दम दुसऱ्याकडून मागून आणता येत नाही. तो रोज थोडा थोडा साठवलेला असावा लागतो. संत पौलानेही आपल्या पत्रांत धावपटू, मुष्टियोद्धे, मल्ल यांचेच दाखले दिले आहेत. 'जागे राहा' या ख्रिस्ती आज्ञेचा अर्थ रात्रभर आकाशाकडे डोळे लावून बसा असा नाही. तालीम चुकवू नका, असा आहे.

शेवटाचा क्रम कसा असेल यावर ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. प्रकटीकरण या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख येतो. काहींच्या मते ख्रिस्त त्या हजार वर्षांच्या आधी येईल, काहींच्या मते नंतर. संत ऑगस्टिनपासून चालत आलेली तिसरी परंपरा त्या आकड्याला प्रतीक मानते. या मतांचा परिणाम मोठमोठ्या चळवळींवर झाला. रोज कसं जगावं यावर मात्र तिन्ही मतांची माणसं एकाच जागी येऊन थांबतात.

काम सोडून बसलेली माणसं

शेवट जवळ आहे म्हटल्यावर रोज कसं जगावं, याचा गोंधळ पहिल्याच पिढीत झाला होता. ग्रीसमधलं थेस्सलनीका हे बंदराचं शहर. तिथल्या नव्या मंडळीला पौलाने इ.स. ५० च्या सुमारास लिहिलेलं पत्र बहुतेक अभ्यासक नव्या करारातलं सर्वांत जुनं लिखाण मानतात. प्रभू आता येणारच, या आशेवर ती मंडळी उभी होती. मग त्यांच्यातली काही माणसं वारली. मागे राहिलेल्यांना वाटलं, आपली माणसं आता त्या दिवसाला मुकली. पौल त्यांना धीर देतो की मेलेलेही मागे राहणार नाहीत. दुःख करू नका असं तो म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखं करू नका, एवढंच सांगतो.

दुसऱ्या पत्रात वेगळीच अडचण दिसते. काहीजण कामधंदा सोडून दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसत फिरत होते. सगळं संपणारच आहे तर राबायचं कशाला, असा त्यांचा हिशोब असावा. पौलाचं उत्तर रोखठोक आहे. ज्याला काम करायचंच नाही त्याने जेवणाची अपेक्षाही धरू नये. बोलणारा माणूस स्वतः तंबू शिवून पोट भरणारा होता.

पेत्राच्या पहिल्या पत्रात तर सगळ्याचा शेवट जवळ आला आहे असं सांगून लगेच कामांची यादी दिली आहे: डोकं ठिकाणावर ठेवा, प्रार्थना करा, एकमेकांवर मनापासून प्रेम करा, कुरकुर न करता पाहुण्याचं स्वागत करा, अंगात जी कला असेल ती दुसऱ्यांच्या सेवेला लावा. डोंगरावर जा, धान्य साठवा, घरदार विका, असं त्यात काही नाही. शेवट जवळ आहे म्हणून पाहुण्याला प्रेमाने वाढा! एवढ्या मोठ्या घटनेच्या तयारीसाठी एवढं घरगुती काम सांगितलेलं पाहून पहिल्यांदा नवल वाटतं. विचार केला की पटतं. जगाचा शेवट आपल्या हातात नाही, घरातलं ताट आहे.

तारखा सांगणाऱ्यांची शोकांतिका

इतकं स्पष्ट असूनही तारखा सांगणारे झालेच. अमेरिकेतला विल्यम मिलर हा शेतकरी मनाने सच्चा होता. दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांचा त्याने वर्षांत हिशोब मांडला. शेवटी त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. हजारो लोकांनी विश्वास ठेवला. काहींनी शेतातलं उभं पीक काढलं नाही. दिवस उगवला आणि मावळला. इतिहासात त्याला 'मोठी निराशा' असंच नाव पडलं आहे.

त्या निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीची स्थापना केली. आगमनाची आशा त्यांनी नावातच जपली, पण नवी तारीख न ठरवता जगभर शाळा आणि दवाखाने काढले. पुण्यातली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच मंडळीची. चुकलेल्या गणितातून ही माणसं कामाकडे वळली, हे मला फार आशादायक वाटतं.

तरी गणितं थांबली नाहीत. हॅरॉल्ड कॅम्पिंग या अमेरिकी रेडिओ-प्रवचनकाराने २१ मे २०११ ही तारीख दिली. ती गेल्यावर त्याच वर्षीचा २१ ऑक्टोबर सांगितला. पुढच्या वर्षी त्याने चूक कबूल केली. तोवर अनेकांनी साठवलेला पैसा जाहिरातींवर उधळला होता. तारीख चुकण्यात सर्वांत मोठं नुकसान पैशाचं नसतं. ज्या भाबड्या माणसाने जीव टाकून विश्वास ठेवला त्याची श्रद्धाच आतून मोडते, आणि ती पुन्हा सांधायला वर्षं लागतात. म्हणून दिवस आणि वार सांगणारा कुणी भेटला, तर त्याने शास्त्रातली सर्वांत सोपी ओळच वाचलेली नाही, असं खुशाल समजावं.

कोल्हापुरात जन्मलेली घाई

या विषयाचा एक धागा थेट कोल्हापूरशी बांधलेला आहे. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकी मिशनरी १८४६ मध्ये अहमदनगरला आले आणि १८५२ मध्ये कोल्हापूरला. शाळा काढण्यावर त्यांचा भर होता. शाळांना दुय्यम मानणाऱ्या आपल्याच मिशनच्या धोरणाशी त्यांचा वाद झाला, तरी त्यांनी शाळा सोडल्या नाहीत. पुढे १८७० मध्ये हे काम अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. शहरातलं वायल्डर मेमोरियल चर्च आजही ते नाव सांभाळून आहे.

त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. शिक्षणासाठी तो प्रिन्स्टनला गेला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे, ड्वाइट मूडी यांच्या शिबिरात, २५१ विद्यार्थी जमले होते. रॉबर्टच्या प्रेरणेने त्यांतल्या शंभर जणांनी परदेशी सेवेला जाण्याचा निश्चय लिहून दिला. त्यातून १८८८ मध्ये 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' उभी राहिली. पुढच्या काही दशकांत तिच्यातून वीस हजारांवर तरुण-तरुणी जगभर गेल्या. त्या चळवळीचं घोषवाक्य होतं, याच पिढीत साऱ्या जगाला शुभवर्तमान.

'याच पिढीत' ही घाई कुठून आली? मत्तयाच्या त्याच चोविसाव्या अध्यायात, सर्व राष्ट्रांना हे शुभवर्तमान ऐकवलं जाईल आणि मग शेवट येईल, असा आशय आहे. त्या काळच्या अनेक प्रचारकांच्या मनात हा दुवा पक्का होता. काम पुरं केलं की प्रभूच्या येण्याची वाट मोकळी होते, असं त्यांना वाटे. चळवळीचे नेते जॉन मॉट यांनी मात्र १९०० मध्ये या घोषवाक्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं आणि स्पष्ट केलं की हे भविष्य नव्हे, हे कर्तव्य आहे. आजच्या पिढीला ऐकवण्याची जबाबदारी आजच्याच पिढीची, कारण मागच्या पिढीला आता काही सांगता येत नाही आणि पुढची अजून आलेली नाही.

या घाईला दुसरी बाजूही होती. साम्राज्याच्या सावलीत आलेल्या कितीतरी मिशनऱ्यांना इथल्या माणसांचे आचारविचार, गाणी, भाषा समजून घ्यायला सवड नव्हती. ती उणीव मराठी ख्रिस्ती माणसांनीच भरून काढली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाची आणि कीर्तनाची वाट दाखवली आणि १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' स्थापन केला. वाट पाहायचीच, तर ती आपल्या भाषेत पाहायची, हे टिळकांनी शिकवलं.

उशीर होईल असं समजून राबलेले

घाईच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट कोल्हापूरहून रेल्वेने पन्नासेक किलोमीटरवर भेटते. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं. मोतीबिंदूपासून मोठ्या शस्त्रक्रियांपर्यंत तिथे रोगी येत राहिले. पुढे तिथेच वैद्यकीय आणि परिचारिकांचं शिक्षण, कुष्ठरुग्णांची सोय, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. वॉनलेसवाडी हे नाव त्यातूनच आलं. जग उद्या संपणार असं नुसतं वाटणारा माणूस परिचारिकांचा अभ्यासक्रम आखत बसत नाही. देवाच्या राज्यात आजार नसेल असं मानणारा मात्र आजच्या आजाराशी झगडतो, कारण येणाऱ्या राज्याची चुणूक आत्ताच दाखवावी, असं त्याला वाटतं.

आणि केडगावच्या पंडिता रमाबाई. प्रभूच्या येण्यावर त्यांची पूर्ण श्रद्धा होती. १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा, असे दोन घाले महाराष्ट्राने आणि मध्य हिंदुस्थानाने सोसले. प्लेगही होताच. शेवट आला असं वाटावं असेच ते दिवस. रमाबाई तेव्हा उपाशी मुली-बायकांना शोधून केडगावला आणत होत्या. तिथल्या 'मुक्ती' या त्यांच्या संस्थेत विहिरी खणल्या जात होत्या, फळझाडं लावली जात होती. बायका विणकाम, शेती, छपाई शिकत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर हाती घेतलं. ते आयुष्याच्या अखेरपर्यंत चाललं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. छपाईचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं.

वीस वर्षांनी फळ देणारं झाड आणि आयुष्यभर पुरणारं भाषांतर, ही दोन्ही कामं प्रभू आज रात्रीसुद्धा येईल असं मानणाऱ्या बाईने केली. दहा मुलींच्या गोष्टीत नेमकं हेच आहे. शहाण्या मुलींनी दोन्ही गृहीत धरलं होतं. नवरदेव आत्ता येईल म्हणून त्यांचे दिवे पेटलेले होते आणि त्याला उशीर होईल म्हणून जादा तेल जवळ होतं. वायल्डरांच्या घाईत पहिली गोष्ट आहे, रमाबाईंच्या चिकाटीत दुसरी. मधल्या काळात जगायला दोन्ही लागतात.

मग रोज करायचं काय?

पहिली गोष्ट म्हणजे हिशोब थकवायचा नाही. कुणाशी अबोला असेल तर तो वर्षानुवर्षं पुढे ढकलायचा नाही. कुणाचं देणं असेल तर देऊन टाकायचं. जगाचा शेवट कधीही होवो, प्रत्येकाचा स्वतःचा शेवट तर ठरलेलाच आहे, आणि तोही सांगून येत नाही.

दुसरी, वस्तू हलक्या हाताने धरायच्या. घर बांधावं, पोरांना शिकवावं, दागिना करावा. पण जे कायम राहणार नाही त्यावर सगळा जीव टाकू नये.

तिसरी, भीती विकत घ्यायची नाही आणि पुढे पाठवायचीही नाही. युद्ध, साथ, ग्रहण यांच्या नावाने फिरणारे शेवटाचे निरोप वाचून म्हाताऱ्या माणसांची झोप उडते. येशूने खुणा सांगताना आधी घाबरू नका म्हटलं होतं, हे त्या निरोपांत कधीच नसतं.

चौथी गोष्ट पृथ्वीची. सगळं जळूनच जाणार आहे तर नदी-तळं सांभाळायचं कशाला, असा अर्थ काहीजण पेत्राच्या दुसऱ्या पत्रावरून काढतात. तिथे अग्नीचं वर्णन आहे खरं, पण त्याला लागूनच, मग तुम्ही कशा प्रकारची माणसं असायला हवं, असा प्रश्न विचारलेला आहे, आणि पुढे न्याय जिथे वस्ती करील अशा नव्या पृथ्वीचं वचन आहे. रोमकरांस पत्रात तर सारी सृष्टीच सुटकेसाठी कण्हते आहे. ज्या सृष्टीच्या सुटकेची वाट पाहायची, तिच्यातच सांडपाणी सोडायचं? रंकाळ्यातली जलपर्णी काढणं हेही त्या वाट पाहण्यातलंच काम आहे असं मी मानतो.

पाचवी गोष्ट आम्हाला पुराने शिकवली. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग बंद पडला, शहराचं बेट झालं. जगबुडी म्हणजे काय ते त्या आठवड्यात आम्ही डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसांत तालमी-मंडळांतून चुली पेटल्या, भाकरी थापल्या गेल्या, ओळखदेख नसलेल्यांना घराघरांत जागा मिळाली. भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली यादी ज्यांनी कधी वाचलीही नव्हती, त्यांनी ती पाळली. त्या गोष्टीत न्यायात उतरलेली, उजवीकडे उभी केलेली माणसंही न्यायाधीशाला असंच विचारतात, आम्ही हे तुझ्यासाठी कधी केलं?

आता वय झालं. अजून संध्याकाळी रंकाळ्यावर जातो. नंदी पाण्याच्या जवळ आला का, हे मोजत नाही. पण आजीच्या गोष्टीतलं ते माप डोक्यातून जात नाही. एक गहू पुढे, एक तांदूळ मागे. गव्हात आणि तांदळात फरक तो केवढा? चांगलं जगू पाहणाऱ्या माणसाची चालही अशीच असते. सकाळी एक गहू पुढे जावं, आणि संध्याकाळपर्यंत रागाने, आळसाने, विसरण्याने एक तांदूळ मागे यावं. तरी रोज उठून पाऊल टाकत राहिलं तर तेवढ्या फरकानेच अंतर कापलं जातं. पलीकडच्या काठावर दिवे लागू लागतात. घरी कुणीतरी जेवायला थांबलेलं असतं, म्हणून मी वळतो.